चुलीचं जळण आणि धूर, दोन्ही कमी करायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यातल्या एका बचत गटाला आपल्या सदस्यांच्या घरी सुधारित चुली करायच्या आहेत. गॅस घरोघरी आलाय, पण भाकरी, पाहुण्यारावळ्यांचा मोठा स्वयंपाक, आंघोळीचं पाणी आणि जनावरांची आंबोण चुलीवरच होते. बाजारातल्या पत्र्याच्या चुलीवर ‘निम्मं जळण, धूर नाही’ असं छापलेलं आहे. ती घ्यावी की मातीची बांधावी, आणि एकाच चुलीत जळण व धूर दोन्ही खरंच कमी होतात का, हे विचारलंय.

ताई, दोन्ही कमी होतात. पण ती दोन वेगवेगळी कामं आहेत आणि एक करताना दुसरं बिघडू शकतं, हे आधी ध्यानात घ्या. लाकूड पूर्ण जाळणं हे पहिलं काम. त्यातून निघालेली उष्णता भांड्यात घालणं हे दुसरं. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड, तो पहिल्या कामातला दोष. जळण जास्त लागतं ते बहुतेक दुसऱ्या कामातल्या दोषामुळे. साध्या चुलीतही लाकडातली नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते, पण भांड्यापर्यंत त्यातली फार थोडी पोचते. म्हणून नुसतं जळण वाचवायच्या नादात कुणी भांडं खाली आणून जाळाला टेकवतं. भांडं लवकर तापतं, जळण थोडं वाचतं, पण जाळ थंड तळाला लागून मध्येच विझतो. काजळी वाढते, धूर वाढतो. क्रम कायम एकच ठेवायचा: आधी जाळ पुरता होऊ द्यायचा, मग त्याच्या गरम हवेला भांड्याला घासून जायला लावायचं.

आकडे मांडून बघू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळी यायला ३१४ किलोज्यूल लागतात. उन्हात नीट वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण १५ मेगाज्यूल, म्हणजे १५ हजार किलोज्यूल उष्णता असते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली तर २१ ग्रॅम काटक्या पुरतील. साध्या चुलीची कार्यक्षमता, म्हणजे लाकडातल्या उष्णतेतला भांड्यात जाणारा वाटा, १२ टक्के धरली तर १७५ ग्रॅम लागतात. २५ टक्क्यांच्या चुलीवर ८४ ग्रॅम. निम्म्या जळणाचा दावा इथून येतो आणि हिशेब म्हणून तो खोटा नाही. फक्त हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. तिथे लाकूड कोरडं आणि एकसारखं चिरलेलं असतं, चूल सांभाळायला एक माणूस अख्खा वेळ समोर बसलेला असतो, आणि भांड्यात नुसतं पाणी असतं. घरची बाई त्याच वेळी पीठ मळते, पोराला हाक मारते, म्हशीला पाणी दाखवते. उलट सराईत हाताची बाई तीन दगडांच्या चुलीवरही १५ टक्क्यांच्या वर जाते, हेही खरं आहे.

आता तुमच्या यादीतली कामं बघा, कारण माझ्या मते प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. सगळ्यांचं लक्ष स्वयंपाकाच्या चुलीकडे असतं आणि जळण खातं आंघोळीचं पाणी. २० लिटरची एक बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे २.१ मेगाज्यूल लागतात. १२ टक्क्यांच्या चुलाण्यावर त्याला १ किलो १०० ते २०० ग्रॅम लाकूड जातं. घरात पाच माणसं असली की रोजचं पाच-सहा किलो जळण नुसत्या आंघोळीत संपलं. तेवढ्यात दोन वेळच्या भाकऱ्या आणि कालवण आरामात होईल. त्यामुळे पैसे थोडे असतील तर आधी पाण्याचा बंदोबस्त करा. आपला जुना तांब्याचा बंब या बाबतीत फार शहाणी वस्तू आहे. जाळाची नळी मध्ये आणि पाणी चहूबाजूंनी, त्यामुळे गरम हवेला पाण्याजवळून गेल्याशिवाय वाटच नाही. लोक बंबाला नावं ठेवतात ती धुरासाठी. तो धूर बंबाचा नसतो, त्यात कोंबलेल्या ओल्या पाल्याचा, चिंध्यांचा आणि प्लास्टिकचा असतो. बंबाची जाळी मोकळी ठेवा, खालचं दार उघडं ठेवा, वाळक्या काटक्या थोड्या थोड्या घाला, आणि प्लास्टिक बंबातच काय, कुठेच जाळू नका. छपरावर सोलरची जागा आणि ऐपत असेल तर दिवाळीपासून पुढचे सात-आठ महिने बंबही लागणार नाही. कोयनेच्या पावसात सोलर बसून राहतो, तेव्हा बंब काढा.

दुसरी गोष्ट पावसाचीच, आणि ती चुलीच्या कुठल्याही मॉडेलपेक्षा मोठी आहे. ताज्या तोडलेल्या फांदीत वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. शंभरात चाळीस भाग पाणी असलेलं लाकूड धरलं तरी किलोमागे हाती येणारी ऊर्जा १५ वरून १० मेगाज्यूलवर येते. पण हे त्यातलं लहान नुकसान झालं. मोठं नुकसान असं की पाण्याची वाफ जाळाचं तापमान पाडते. लाकूड तापलं की त्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो, उरतो तो कोळसा. हा वायू जळायला साधारण ७०० अंशांच्या वरची आच, पुरेशी हवा आणि ती मिसळायला थोडा वेळ लागतो. आच कमी पडली की तोच वायू पिवळट पांढरा धूर होऊन घरभर पसरतो. ओलं जळण असताना जगातली सर्वांत चांगली चूलही धुरकटच चालेल. म्हणून बेगमी एप्रिल-मे महिन्यातच हवी. लाकूड मनगटापेक्षा जाड असेल तर चिरूनच वाळवायचं, अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला राहतो. रचताना जमिनीपासून वीतभर उंच, बाजूंनी मोकळं आणि फक्त वरून झाकलेलं. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलं की घाम धरतं. वाळलंय का हे पाहायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेले खणखणतात, ओले थप्प वाजतात. टोकाला चिरा पडलेल्या आणि साल आपोआप सुटणारी असली की काम झालं.

आता चूल. आपल्या नेहमीच्या मातीच्या चुलीत तीन उणिवा असतात. लाकूड राखेच्या ढिगावर आडवं पडलेलं, त्यामुळे हवा खालून येत नाही, वरून वाहत जाते आणि जाळ थंड करते. तोंड गरजेपेक्षा मोठं. आणि भांड्याखालची जागा मनाला येईल तशी. पहिल्या उणिवेला औषध जाळी. लोखंडी सळ्यांची साधी जाळी तळापासून चार बोटं उंच बसवा, राख खाली पडेल, हवा निखाऱ्यांतून वर येईल. एवढ्यानंच जाळ बदलतो आणि फुंकणी बऱ्यापैकी सुटते. जाळीखालची राख रोज काढायची मात्र, नाहीतर आठवड्यात पूर्वीसारखंच.

मातीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय की माती आच धरून ठेवते म्हणून चूल जाडजूड बांधावी. धरून ठेवते हे बरोबर, पण ती आच भांड्याला परत देत नाही. पहिला अर्धा तास जाड भिंत स्वतःच तापत राहते, आणि आपला स्वयंपाक तासाभरात उरकलेला असतो. उरलेली ऊब रात्रभर मांजराला मिळते. दिवसभर धडधडणाऱ्या गुऱ्हाळाच्या चुलाण्याला जाड भिंत चालते, घरच्या चुलीला नाही. घरच्या चुलीला आतून पातळ, टणक अस्तर आणि त्यामागे हलकं, पोकळ भरण लागतं, ज्यात हवा कोंडलेली असेल. तुमच्याकडे भात पिकतो, म्हणजे गिरणीतल्या तुसाची राख मिळेल. ती उत्तम. नसेल तर चुलीचीच चाळलेली राख कोरडी भरा. विटा स्वतः पाडणार असाल तर मातीत भरपूर तूस किंवा भुसा कालवून भट्टीत भाजा. भुसा जळून जागोजाग छिद्रं राहतात आणि वीट हातात घेतली की हलकी लागते. आतली भिंत लवकर तापली की जाळ तापलेला राहतो, धूर तिथेच जळतो.

भांड्याखालच्या फटीचा हिशेब अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये अ‍ॅप्रोव्हेचो संस्थेच्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात रॉकेट चुलीसाठी, म्हणजे उभ्या नळीत जाळ होणाऱ्या चुलीसाठी, नीट मांडून दिला. तत्त्व सोपं आहे: गरम हवेची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच क्षेत्रफळाची हवी. कुठे ढिली पडली तर हवा भांड्याला न शिवता निघून जाते, कुठे आवळली तर जाळ कोंडतो आणि धूर तोंडातून मागे येतो. धरून चला की जाळाची नळी १२ सेंमी व्यासाची गोल आहे. मग नळीच्या काठाशी भांडं ३ सेंमी वर हवं. भांड्याचा व्यास २४ सेंमी असेल तर त्याच्या कडेशी फट दीड सेंमी पुरते, कारण तिथे घेर दुप्पट झालेला असतो. नळीची उंची व्यासाच्या दोन ते तीन पट, म्हणजे २५ ते ३५ सेंमी. उंच केली तर जाळ जास्त पुरा होतो, पण भांड्यापर्यंत जाता जाता आच कमी होते. ठेंगणी केली तर जाळ भांड्याला लागतो. रोज एकाच पातेल्यात रांधत असाल तर त्याभोवती पत्र्याचं कडं करा, पातेलं आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर जागा ठेवून. हवा तळाबरोबर बाजूंनाही घासून जाते आणि चाचण्यांत याने जळणात पाव हिश्शाच्या आसपास बचत दिसते. आंबोणीच्या हंड्याला हे कडं जरूर करा, तो वर्षानुवर्षं बदलत नाही.

आणि भाकरी. सुधारित चुली नापसंत होण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण हे आहे, आणि चूल बनवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी भाकरी थापलेली असते. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी करायची, ती टम्म फुगते, कडेला डाग पडतात, मग फिरवायची. बंद नळीच्या चुलीत समोर निखाराच नसतो. शिवाय नळीची आच तव्याच्या मधोमध लागते, मध्ये करपते आणि कडा कच्च्या राहतात. ज्या चुलीवर भाकरी नीट होत नाही ती चूल दुसऱ्या आठवड्यात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जाऊन बसते, मग तिच्या कार्यक्षमतेला अर्थ काय? यावर मी करतो तो उपाय असा: जाळीखालच्या राखेच्या कप्प्याचं तोंड वीतभर उंच ठेवायचं आणि समोर थोडा सपाट ओटा सोडायचा. निखारे जाळीतून खाली पडतात, ते पुढे ओढले की भाकरी तिथे उभी राहते. इतर वेळी ते तोंड अर्ध्या विटेनं बंद करायचं, फक्त हवेपुरती फट सोडून. तव्यासाठी जाळाच्या नळीवर तळहाताएवढी बिडाची चकती दोन बोटं उंच ठेवली की जाळ बाजूंना पसरतो. कार्यक्षमता थोडी घटते. घटू द्या.

पत्र्याच्या तयार चुलीबद्दल. विक्रेत्याकडे भारतीय मानक आयएस १३१५२ प्रमाणे झालेल्या चाचणीचा अहवाल मागा. त्यानुसार पंख्याविनाच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी. भांड्यात गेलेल्या दर मेगाज्यूलमागे कार्बन मोनॉक्साइड ५ ग्रॅमच्या आत, आणि धुराचे कण अनुक्रमे ३५० व १५० मिलिग्रॅमच्या आत. अहवाल नसेल तर पाटीवर काय छापलंय याला किंमत नाही. दुसरं, आतली नळी बघा. साध्या पातळ पत्र्याची असेल तर रोजच्या आचेनं पापुद्रे सुटून लवकरच भोकं पडतात. भाजलेल्या मातीचं किंवा चांगल्या स्टेनलेसचं अस्तर असेल तरच घ्या. छोट्या पंख्याच्या चुली धूर खरोखर खूप कमी करतात, कारण हवेचे झोत वायूत जोरानं मिसळतात. मात्र त्यांना बोटाएवढे एकसारखे तुकडे किंवा शेतकचरा दाबून केलेल्या कांड्या लागतात. पुण्यातून निघालेली ‘ऊर्जा’ ही चूल बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रज्ञानावर होती आणि लाखो घरांत गेली. पुढे शेतकचऱ्याला कारखान्यांकडून मागणी वाढली, कांड्यांचे भाव चढले आणि घरांना ते जळण परवडेना. जळण विकत आणावं लागणार असेल तर ताई, मी सरळ गॅसच वापरा म्हणेन.

धुराड्याचा विषय वेगळा काढतो, कारण यात फसगत होते. धुराडं धूर कमी करत नाही, बाहेर नेतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांना आणि छातीला त्यानं मोठा आराम पडतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या चुलीला ते हवंच. पण फार ओढ असलेलं धुराडं गरम हवाही खेचून नेतं आणि जळण वाढतं, म्हणून पाइपात अर्धवट फिरणारी झडप ठेवा. वरचं टोक कौलाच्या आढ्याच्या दोन फूट तरी वर हवं, नाहीतर वाऱ्याच्या झोताबरोबर धूर परत घरात. आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक वैलाची, म्हणजे चुलीमागच्या दुसऱ्या भांड्याच्या तोंडाची आहे. पुढच्या भांड्यावर काम चालू, मागचा वैल उघडा. धुराडं मग चुलीतून न ओढता उघड्या वैलातून खोलीतली हवा ओढतं, आणि पुढून धूर येतो. लोक म्हणतात धुराडं बिघडलं. वैलावर भांडं नसेल तेव्हा झाकण, हा नियम प्रत्येक घरी करून दाखवा. महिन्यातून एकदा पाइप आणि वैलाकडे जाणारा बोगदा झाडून काजळी काढायची, तेही कोण करणार हे चूल बांधायच्या आधी ठरवा.

हे एवढं ठासून सांगतोय त्याला इतिहास आहे. धूरमुक्त चुलीचे प्रयत्न आपल्याकडे जुनेच. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल १९४७ च्या सुमारास झाली. पुढे राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. त्यातल्या बऱ्याच वर्ष-दोन वर्षांत मोडल्या किंवा बंद पडल्या, कारण मोजणी बसवलेल्या चुलींची व्हायची, चालू असलेल्यांची नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, साच्यातून चुली घडवायला आणि गावातल्याच बायकांना त्यात तयार करायला सुरुवात केली, ते मला योग्य दिशेचं वाटतं. साचा असला की फट सेंटीमीटरनं चुकत नाही. ओडिशात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी धुराड्याच्या चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात धूर कमी झाला, पुढे तो फरक ओसरला, कारण चुली दुरुस्त झाल्या नाहीत आणि नियमित वापरल्या गेल्या नाहीत. जळणातही बचत झाली नाही.

आरोग्याबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं. मानकात बसणारी चूलही आरोग्याच्या मापानं स्वच्छ नसते. दर मेगाज्यूलला ३५० मिलिग्रॅम कण सोडणारी चूल भांड्याला १ किलोवॅट उष्णता देत असेल तर मिनिटाला २१ मिलिग्रॅम कण सोडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये बिनधुराड्याच्या चुलीसाठी सूक्ष्म कणांची मर्यादा मिनिटाला ०.२३ मिलिग्रॅम आणि धुराड्याच्या चुलीसाठी ०.८० मिलिग्रॅम सांगितली. एकूण कण आणि सूक्ष्म कण हे अगदी एकच नव्हेत, पण लाकडाच्या धुरातले बहुतेक कण सूक्ष्मच असतात. तफावत किती ते दिसतंय. धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मे होत नाहीत. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुलींचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. मुलांना लागणारा धूर निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया साधारण एक-तृतीयांशानं कमी झाला, पण एकूण न्यूमोनियातली घट ठामपणे म्हणता येईल इतकी नव्हती. म्हणून ज्या घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा दमेकरी आहे, तिथे घरातला स्वयंपाक गॅसवर, शेण असेल तर बायोगॅसवर करा. चूल पडवीत किंवा अंगणातल्या छपराखाली न्या. तिथे उघड्या बाजूनं वारा खेळतो.

एक धोक्याची सूचनाही. धूर दिसत नाही तेव्हा लोक निर्धास्त होतात. निखाऱ्यांच्या शेगडीला धूर नसतो पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत किंवा बाळंतिणीच्या खोलीत दार लावून शेगडी ठेवू नका. चुलीत उरलेले निखारे पाणी मारून विझवा, वाळवा आणि तो कोळसा उघड्यावरच्या शेगडीला वापरा. लाकडातली बरीच ऊर्जा त्यात शिल्लक असते.

चुलीला हात न लावता होणारी बचत तर सर्वांनी आजच सुरू करावी. डाळ-कडधान्य भिजवून घ्या, झाकण ठेवा, चुलीवरही कुकर चालवा, उकळी आली की जाळ कमी करा. एका वेळी दोन-तीन बारीक लाकडं, टोकं एकत्र, टोकं जळतील तशी पुढे सरकवत. चार लाकडं खच्चून भरली की वायू निघतो भरमसाट आणि हवा पुरत नाही. पेटवताना सर्वांत जास्त धूर होतो, तेव्हा वाळक्या बारीक काटक्या, करवंटीचे तुकडे किंवा तुराटीची मूठ वेगळी बांधून ठेवा.

सुरुवात कशी करायची? आधी मोजा. गटातल्या पाच-सहा घरी आठवडाभर सकाळी जळणाचा भारा ताणकाट्यानं तोलून द्या, संध्याकाळी उरलेलं तोला, किती माणसं जेवली आणि किती बादल्या तापल्या ते वहीत लिहा. मग त्याच घरी जाळी, बंब आणि एकेक नवी चूल करा आणि महिन्यानं तसाच आठवडा पुन्हा तोला. आणखी एक मोजणी भर पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात करा, कारण तुमच्याकडे चुलीची परीक्षा तेव्हाच लागते. बचत पाव हिश्शाच्या खाली दिसली तर फट मोजा, वैल बघा, लाकडाचे तुकडे आपटून बघा, बहुतेक वेळा दोष या तिघांतच सापडतो. तो निघाल्याशिवाय उरलेल्या घरांच्या विटा पाडायला घेऊ नका.